श्रुतभांडारांची दारे उघडणारे डॉ. हिरालाल जैन

ज्येष्ठ शुद्ध पंचमी दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी म्हणून, तर कार्तिक शुद्ध पंचमी श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. तिथी वेगळ्या असल्या तरी भाव एकच आहे. पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झाडायची, वेष्टने बदलायची, कीड लागली आहे का ते पाहायचे आणि मग त्यांना वंदन करायचे. आपल्या पूर्वाचार्यांनी ग्रंथरक्षणाला धर्माचरणाचा दर्जा दिला म्हणूनच हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे वाङ्मय आज आपल्या हाती आहे. परंतु काळाच्या ओघात या आचाराचा एक भाग मागे पडला. पोथी जपली गेली, पण वाचली गेली नाही. तिला वंदन होत राहिले, पण तिच्यात काय आहे हे सांगणारा कोणी उरला नाही. अशा वेळी ज्यांनी आपले सारे आयुष्य बंद पोथ्या वाचण्यात, त्यांची नोंद करण्यात आणि त्या शुद्ध स्वरूपात समाजापुढे ठेवण्यात वेचले, त्यांत डॉ. हिरालाल जैन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या कार्याचा फार मोठा भाग वऱ्हाडात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातच घडला, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

बालपण व शिक्षण

डॉ. हिरालालजींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मध्य प्रदेशातील नरसिंहपूर जिल्ह्यात गांगई या लहानशा खेड्यात झाला. घराणे दिगंबर जैन. खेड्यातून शिक्षणासाठी बाहेर पडून त्यांनी जबलपूर येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठातून संस्कृत विषयात एम. ए. व कायद्याची पदवी संपादन केली. त्या काळी कायद्याची पदवी हाती असणाऱ्या तरुणापुढे वकिलीचा, प्रतिष्ठेचा आणि पैशाचा मार्ग सरळ उघडा असे. हिरालालजींनी तो मार्ग धरला नाही. अलाहाबादेतच ते संशोधनाकडे वळले आणि जैन वाङ्मयाचा इतिहास हे त्यांचे कायमचे क्षेत्र ठरले.

त्या वेळी या क्षेत्राची स्थिती काय होती हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. संस्कृतातील व अर्धमागधीतील बरेच ग्रंथ छापून झाले होते. परंतु प्राकृत आणि आजच्या मराठी, गुजराती, हिंदी या भाषा यांच्यामधला दुवा असलेली अपभ्रंश भाषा विद्वानांना प्रामुख्याने व्याकरणग्रंथांतील उदाहरणांवरून माहीत होती. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांना १९१४ सालच्या भारतभेटीत 'भविसत्तकहा' हे अपभ्रंश काव्य मिळाले व ते १९१८ साली जर्मनीत प्रसिद्ध झाले. चि. डा. दलाल यांनी हाती घेतलेली व पुण्याचे डॉ. पां. दा. गुणे यांनी पूर्ण केलेली त्याच काव्याची भारतीय आवृत्ती १९२३ साली बडोद्याहून निघाली. असे आणखी ग्रंथ कोठे आहेत काय, असल्यास कोणाच्या ताब्यात, किती आणि कोणत्या अवस्थेत, याची माहिती मात्र कोठेही एकत्र नव्हती. संशोधकाला ग्रंथ वाचण्याआधी तो शोधावा लागे आणि शोधण्याआधी तो अस्तित्वात आहे हे कळावे लागे.

कारंजाची भांडारे

वऱ्हाडातील कारंजा (लाड) हे गाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते, आता ते वाशिम जिल्ह्यात आहे. सर्वसामान्य मराठी माणूस ते श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ओळखतो. जैन समाजाला ते भट्टारकपीठांचे गाव म्हणून परिचित आहे. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे तेथे आहेत आणि प्रत्येक मंदिराशी हस्तलिखितांचे भांडार जोडलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या भट्टारकांनी आणि श्रावकांनी ग्रंथ लिहवून घेतले, दान दिले आणि येथे आणून ठेवले.

१९२० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने प्रांतातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची करण्याचे काम रायबहादूर हिरालाल यांच्याकडे सोपविले होते. हे रायबहादूर हिरालाल म्हणजे कटनीचे प्रसिद्ध पुराभिलेखतज्ज्ञ. नामसादृश्यामुळे पुष्कळदा दोघांची गल्लत होते. या कामात तरुण हिरालाल जैन यांचे साहाय्य झाले आणि कारंजाची भांडारे त्यांच्या नजरेसमोर आली. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या सूचीमुळे विद्वानांच्या जगाला प्रथमच कळले की वऱ्हाडातल्या एका गावात अपभ्रंश वाङ्मयाचा मोठा ठेवा सुरक्षित आहे.

हस्तलिखितांची सूची म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. पोथी उघडून तिचे पत्रे मोजावे लागतात. पत्र्यावर किती ओळी, लिपी कोणती, भाषा कोणती, आरंभ कसा, शेवट कसा, मध्ये काही पत्रे गळाली आहेत काय, हे सारे टिपावे लागते. सर्वांत महत्त्वाची असते ती ग्रंथाच्या अखेरची प्रशस्ती. ग्रंथकर्ता कोण, त्याचा गुरू कोण, कोणत्या राजाच्या राज्यात आणि कोणत्या श्रावकाच्या विनंतीवरून ग्रंथ झाला, ती प्रत कोणी, कोणासाठी, कोणत्या संवतात लिहिली, हे तेथे सापडते. वेष्टनावर एक नाव आणि आत दुसराच ग्रंथ, एका गाठोड्यात तीन पोथ्यांची मिसळलेली पत्रे, असे प्रसंग जुन्या भांडारांत नेहमीचे. आज संगणकावर एखाद्या ग्रंथाचे नाव लिहिताच क्षणात जी माहिती समोर येते, तिच्यामागे कोणीतरी कधीतरी जमिनीवर बसून, एकेक पत्र उलटून केलेली ही नोंद असते.

१९२५ साली हिरालालजी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हेच महाविद्यालय पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. अमरावतीहून कारंजा फार दूर नाही. अध्यापनाचे काम सांभाळून कारंजाच्या पोथ्यांवर त्यांनी जे संपादनकार्य केले त्याने अपभ्रंशाच्या अभ्यासाला नवे वळण मिळाले. कारंजाच्या चवरे घराण्याच्या औदार्यातून ग्रंथमाला उभी राहिली होती. तिच्यात १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' निघाले. त्यापाठोपाठ हिरालालजींनी १९३२ साली 'सावयधम्मदोहा', १९३३ साली 'पाहुडदोहा' व पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ साली मुनी कनकामर यांचे 'करकंडचरिउ' प्रकाशात आणले. महाकवी पुष्पदंत हा दहाव्या शतकात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट येथे राहून काव्यरचना करणारा कवी. त्याचे शब्द कित्येक शतके गाठोड्यांत बांधलेले होते, ते आता कोणत्याही ग्रंथालयातून हाती घेता येऊ लागले.

यांतील 'करकंडचरिउ'चा महाराष्ट्राशी विशेष संबंध आहे. करकंड हा प्रत्येकबुद्ध म्हणून दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेला राजा. त्याच्या चरित्रात तेरापूर नगर, त्याजवळची गुंफा आणि तीतील जिनप्रतिमा यांचे वर्णन येते. हिरालालजींनी ते वर्णन धाराशिवजवळच्या जैन लेण्यांशी ताडून पाहिले आणि तेरापूर म्हणजे आजचे तेर असा निष्कर्ष मांडला. डोंगरातले लेणे आणि भांडारातली पोथी, दोन्ही शतकानुशतके मुकी होती. एकाची नोंद दुसरीशेजारी ठेवताच दोन्ही बोलू लागली. संशोधनात माहितीची नीट मांडणी किती मोलाची असते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

याच काळातील त्यांचे आणखी एक काम म्हणजे 'जैन शिलालेख संग्रह'. मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत १९२८ साली त्याचा पहिला भाग निघाला. श्रवणबेळगोळ व परिसरातील पाचशे शिलालेख त्यांनी नागरी लिपीत, विस्तृत प्रस्तावनेसह सादर केले. कन्नड लिपी न जाणणाऱ्या उत्तरेतील व महाराष्ट्रातील अभ्यासकांना आपल्याच आचार्यांची नावे व काळ यांचा आधार त्यामुळे मिळाला.

मूडबिद्रीचे ताडपत्र

डॉ. हिरालालजींच्या जीवनातील सर्वांत मोठे कार्य मात्र षट्खंडागमाचे. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना, आपल्यामागे श्रुतज्ञान लुप्त होईल, अशी चिंता वाटली. त्यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना पाचारण करून ते ज्ञान दिले आणि त्या दोघांनी ते सूत्रबद्ध करून लिपिबद्ध केले, अशी परंपरा आहे. तो ग्रंथ म्हणजे षट्खंडागम, आणि तो पूर्ण झाला तो दिवस म्हणजे श्रुतपंचमी. पुढे नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी त्याच्या पाच खंडांवर बहात्तर हजार श्लोकप्रमाण 'धवला' टीका लिहिली. ती इ. स. ८१६ साली पूर्ण झाली असे मानले जाते.

एवढ्या थोर ग्रंथाची मूळ ताडपत्रे जगात एकाच ठिकाणी उरली होती. दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत जुन्या कन्नड लिपीतील ही ताडपत्रे होती. यात्रेकरूंना दुरून त्यांचे दर्शन घडविले जाई. वाचन बंदच होते. परचक्राच्या भीतीने आणि धर्मश्रद्धेने केलेले हे रक्षण होते, म्हणून त्याला दोष देता येत नाही. त्या कुलुपानेच ग्रंथ वाचविला हे खरे आहे. परंतु ताडपत्राला कीड लागते, कडा झिजतात, आणि एकमेव प्रत नष्ट झाली म्हणजे ग्रंथच नष्ट होतो, हेही तितकेच खरे आहे.

ही चिंता प्रथम महाराष्ट्रातील दोन श्रावकांना लागली, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद पानाचंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूडबिद्रीच्या यात्रेला गेले असता त्यांनी ही जीर्ण होत चाललेली ताडपत्रे पाहिली आणि 'जैन बोधक' हे मराठी नियतकालिक सुरू करणारे सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्याशी विचारविनिमय केला. दीर्घ प्रयत्नांनंतर निधी जमला, मूडबिद्रीच्या पंचांची संमती मिळाली आणि १८९६ साली प्रती करण्याचे काम सुरू झाले. कन्नड व नागरी अशा दोन्ही लिप्यांत प्रती करण्यास सुमारे पाव शतक लागले. प्रती तयार झाल्या तरी त्या मूडबिद्रीबाहेर नेण्याची परवानगी मात्र नव्हती.

तरीही एक प्रत बाहेर आलीच. प्रती करणाऱ्या शास्त्र्यांपैकी एकाने घरी गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली आणि ती घेऊन ते सोलापूरला शेठ हिराचंद नेमचंद यांच्याकडे आले. ज्या ग्रंथासाठी शेठजींनी इतकी वर्षे धडपड केली होती, तोच ग्रंथ त्यांच्या दारी आला होता. परंतु संमतीवाचून केलेली प्रत विकत घेणे त्यांच्या मनाला पटले नाही आणि त्यांनी ती नाकारली. पुढे ती प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी घेतली. तेथे तिच्यावरून नागरी प्रत झाली आणि त्या नागरी प्रतीच्या प्रती आरा, कारंजा, अमरावती अशा अनेक ठिकाणी पोहोचल्या. प्रत नाकारणारे शेठजी आणि ती घेणारे लालाजी या दोघांच्याही मनात श्रुतरक्षणाचाच हेतू होता. एकाने मार्गाची शुद्धता पाहिली, दुसऱ्याने ग्रंथाचा जीव पाहिला. ज्ञानाचा साठा ज्याच्या ताब्यात आहे त्याचा हक्क आणि ज्यांना तो हवा आहे त्यांचा हक्क, यांतील हा पेच आजच्या संगणकयुगातही सुटलेला नाही.

धवलेचे संपादन

विदिशा येथील श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्रजी यांच्या दानातून 'श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र जैन साहित्योद्धारक फंड' स्थापन झाला आणि धवलेच्या प्रकाशनाची जबाबदारी डॉ. हिरालालजींनी स्वीकारली. कार्यालय अमरावतीत होते. पं. फूलचंद्र सिद्धांतशास्त्री, पं. हिरालाल सिद्धांतशास्त्री व पं. बालचंद्र शास्त्री यांच्यासारखे आगमाचे जाणकार त्यांच्यासोबत बसले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा सल्ला त्यांना सतत मिळत राहिला. सीमाभागातील सदलगे गावचे सुपुत्र असलेले डॉ. उपाध्ये आणि डॉ. हिरालालजी यांचा हा स्नेह जन्मभर टिकला व त्यातून जैन वाङ्मयाची मोठी सेवा घडली.

विरोधही झाला. सिद्धांतग्रंथ गृहस्थाने वाचावेत काय, ते छापखान्यात न्यावेत काय, असे प्रश्न समाजातील काही आदरणीय मंडळींनी उपस्थित केले. दुसरी अडचण विद्येची होती. हाताशी असलेल्या अमरावती, आरा, कारंजा येथील प्रती दिसायला अनेक होत्या. परंतु त्या सर्व सहारनपूरच्या एकाच प्रतीच्या वंशातल्या होत्या. म्हणजे तीन प्रतींत तोच पाठ आढळला तरी तो तीन साक्षीदारांचा पुरावा नव्हता. मूळ एकाचीच चूक तिघांनी पुन्हा लिहिलेली असू शकत होती. लेखनिकाची नजर एका शब्दावरून पुढे आलेल्या तशाच शब्दावर गेली की मधला मजकूर गळतो आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत ती गळती कायम राहते. मूळ ताडपत्र पाहण्याची सोय आरंभी नव्हती. तेव्हा विषयाचा संदर्भ, टीकेतील पुढील विवेचन व इतर ग्रंथांतील समांतर स्थळे यांच्या आधारे पाठ ठरवावा लागे.

१९३९ साली धवलेचा पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध झाला. मूळ पाठ, हिंदी अनुवाद, तळटीपांत पाठभेद, विस्तृत प्रस्तावना आणि शेवटी परिशिष्टे अशी त्याची रचना होती. सूत्रांची यादी, टीकेत आलेल्या अवतरणांची सूची, व्यक्ती व ग्रंथांची नावे, पारिभाषिक शब्दांचा कोश हे सारे त्या परिशिष्टांत होते. एवढ्या विशाल ग्रंथात एखादा विषय कोठे आला आहे हे शोधायचे तर पूर्वी सगळा ग्रंथ मुखोद्गत असावा लागे. या सूचींमुळे सामान्य अभ्यासकही नेमक्या पानावर पोहोचू लागला. आज संगणक शब्द शोधून देतो. त्या काळी हे काम हाताने, चिठ्ठ्या करून, अक्षरानुक्रमे लावून करावे लागे.

एका शब्दाची कथा

पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्रावर काम करताना संपादकांना एक अडचण जाणवली. उपलब्ध प्रतींतील सूत्रपाठ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची टीका यांचा मेळ बसेना. टीका पाहता सूत्रात 'संजद' हा शब्द असला पाहिजे असे दिसत होते, पण हातच्या कोणत्याही प्रतीत तो नव्हता. संपादकांनी मूळ पाठात आपल्या मनाने भर घातली नाही. प्रतींत जसा होता तसाच पाठ छापला आणि येथे हा शब्द गळालेला दिसतो, असे तळटीपेत नोंदविले. नाहीतर पुढच्या वाचकाला प्रतीतले काय आणि संपादकाचे काय हे कळले नसते.

ग्रंथाचे स्वरूप पाहिल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकजींचा व विश्वस्तांचा संशय दूर झाला आणि त्यांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून देण्यास उदार मनाने साहाय्य केले. त्या पडताळणीत 'संजद' शब्द ताडपत्रात आढळला. तर्काने जे सुचले होते त्याला पुरावा मिळाला. हा शब्द गुणस्थानविषयक विवेचनाशी निगडित असल्याने त्याच्या अर्थावरून समाजात मोठा वाद झाला. डॉ. हिरालालजींनी त्या अनुषंगाने मांडलेली मते सर्वांनी स्वीकारली नाहीत आणि अनेक विद्वान पंडितांनी त्यांना विस्तृत उत्तरे दिली. तो वाद येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना आता एकाच ग्रंथाचा, त्याच पानाचा आधार घेता येत होता. भांडार बंद असते तर वादही झाला नसता आणि निर्णयही झाला नसता.

जवळपास त्याच काळात चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागरजी महाराजांना, मूडबिद्रीच्या सिद्धांतग्रंथांतील काही ताडपत्रे कीड लागून नष्ट झाल्याचे समजले. त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्यात आले व ते ताम्रपट फलटण येथे ठेवण्यात आले. अमरावतीचा छापखाना आणि फलटणचे ताम्रपट ही दोन्ही कामे महाराष्ट्रातच झाली.

धवलेचे एकूण सोळा भाग निघाले. शेवटचा भाग १९५८ साली प्रसिद्ध झाला. युद्धकाळातील कागदटंचाई, सहकाऱ्यांतील बदल, स्वतःच्या नोकरीतील स्थलांतरे यांतून जात हे एक काम जवळजवळ वीस वर्षे अखंड चालविणे हे तपच म्हटले पाहिजे. पुढे धवलेच्या पुनर्मुद्रणाची जबाबदारी सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने उचलली.

उत्तरायुष्य

याच सोलापूरच्या संस्थेच्या जीवराज जैन ग्रंथमालेत डॉ. हिरालालजी व डॉ. उपाध्ये यांनी संपादिलेला 'तिलोयपण्णत्ती' हा यतिवृषभाचार्यांचा ग्रंथ १९४३ व १९५१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. लोकरचना, कालगणना आणि प्राचीन गणित यांच्या अभ्यासकांना तो आजही अपरिहार्य वाटतो. या ग्रंथमालेचे व भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी ग्रंथमालेचे प्रमुख संपादक म्हणून दोघांनी अनेक वर्षे काम केले. नवोदित संपादकाचे हस्तलिखित तपासावे, त्याला प्रती मिळवून द्याव्यात, प्रस्तावना लिहावी, असे हे निरपेक्ष काम होते.

१९४४ साली नागपूर विद्यापीठाने त्यांना डी. लिट. पदवी दिली. १९५५ साली बिहार शासनाने प्राकृत, जैनशास्त्र व अहिंसा यांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या वैशाली संस्थेचे ते पहिले संचालक झाले. भगवान महावीरांच्या जन्मभूमीत प्राकृत विद्येचे केंद्र उभारण्याचा मान एका जैन प्राध्यापकाकडे आला हे औचित्यपूर्णच होते. त्यानंतर जबलपूर विद्यापीठात त्यांनी संस्कृत, पाली व प्राकृत विभागाची धुरा सांभाळली. भोपाळ येथे दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक 'भारतीय संस्कृति में जैन धर्म का योगदान' १९६२ साली निघाले. इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान व कला या चारही अंगांनी जैन परंपरेची ओळख करून देणारे ते एक प्रमाणभूत पुस्तक मानले जाते. 'मयणपराजयचरिउ', 'सुगंधदशमी कथा', 'कहकोसु', 'सुदंसणचरिउ' हे ग्रंथही त्यांनी उतारवयात संपादिले. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सहकारी डॉ. उपाध्ये १९७५ साली गेले आणि एक पर्व संपले.

वारसा आणि कर्तव्य

डॉ. हिरालालजींच्या निधनानंतर ग्रंथसंग्रहाचे जग पार बदलले. २००३ साली भारत सरकारने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले व देशभर हस्तलिखितांची नोंद होऊ लागली. पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठविली जातात आणि एका गावातली पोथी दुसऱ्या खंडातला अभ्यासक घरबसल्या वाचू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या प्राकृतासाठी हिरालालजींनी आयुष्य वेचले आणि ज्या मराठी मुलखात ते वेचले, त्या दोन्ही भाषांचा गौरव एकाच दिवशी व्हावा हा मोठा सुयोग होय.

परंतु साधने बदलली तरी त्यांच्या कामाचे नियम बदललेले नाहीत. संगणकात शंभर ठिकाणी साठविलेले छायाचित्र हे शेवटी एकाच पोथीचे असते. त्यात एखादे पत्र सुटले तर ते शंभरही ठिकाणी सुटलेले असते. म्हणून मूळ पोथी जपलीच पाहिजे. छायाचित्र काढून झाले, आता पोथीची गरज काय, हा विचार घातक आहे. 'संजद' शब्द अखेर मूळ ताडपत्रानेच परत दिला. दुसरे असे की नोंदीवाचून छायाचित्र म्हणजे वेष्टनावर नाव नसलेली पोथी. ग्रंथ कोणता, कोणाचा, पत्रे किती, कोणत्या घरातून वा स्थानकातून आला, हे लिहिलेले नसेल तर हजारो चित्रांच्या ढिगात तो पुन्हा हरवतो. तिसरे असे की ज्याच्या ताब्यात पोथी आहे त्याचा मान राखून, त्याची संमती घेऊनच हे काम व्हावे. मूडबिद्रीचे दार अखेर विश्वासाने उघडले.

पारनेर तालुक्यातील सुप्यासारख्या, नगर-पुणे रस्त्यावरच्या गावांतही हे कर्तव्य दूरचे नाही. आपल्या स्थानकांत, मंदिरांत आणि जुन्या घरांच्या कपाटांत हस्तलिखित पोथ्या, स्तवनांच्या वह्या, चातुर्मासाच्या जुन्या पत्रिका, संस्थांची प्रारंभीची कागदपत्रे आजही असू शकतात. त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये. स्वच्छ सुती वेष्टनात, कोरड्या जागी ठेवावे. एका वहीत त्यांची क्रमवार नोंद करावी. सोय होईल तेव्हा जाणकारांच्या मदतीने प्रत्येक पत्राचे छायाचित्र काढून त्याच्या प्रती दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पंचमीच्या पूजेत एक वही आणि एक लेखणी यांची भर पडली तर ती खरी ज्ञानपूजा ठरेल.

आचार्य धरसेनांना चिंता वाटली ती ग्रंथाच्या पानांची नव्हती, ज्ञान घेणारा कोणी उरेल की नाही याची होती. त्या चिंतेला उत्तर देणाऱ्यांच्या दीर्घ परंपरेत कारंजाच्या भांडारात पत्रे मोजणारे डॉ. हिरालाल जैन हे एक नम्र श्रुतसेवक होते. त्यांच्या स्मृतीस विनम्र वंदन.